भागोजी ढेबे आणि परक्या देशाचा राष्ट्राध्यक्ष

अफगाणिस्तानात लोकांनी मतं देऊन राष्ट्राध्यक्ष निवडला, त्या कामी आमच्या पोलादपूर तालुक्यानं एक माणूस दिला होता, हे तालुक्याला अजून माहीत नाही. माहीत असतं तर नाक्यावर फलक लागला असता आणि त्या फलकावर त्या माणसाचा फोटो सगळ्यात खाली, सगळ्यात लहान आला असता. त्याचं नाव भागोजी हरिबा ढेबे. वय तेव्हा सेहेचाळीस. हुद्दा आचारी.

मी प्राथमिक शिक्षक. राहायला महाडला, नोकरी पोलादपूर तालुक्यात. प्राथमिक शिक्षक म्हणजे जो जनगणना करतो, पोलिओचे डोस पाजतो, निवडणुकीत बोटाला शाई लावतो आणि मधल्या काळात सवड मिळाली तर मुलांना शिकवतो. माझी आणि भागोजीची ओळख शाळेतली नाही. तो चौथीत शाळा सोडून शेळ्यांमागे गेला तेव्हा मी स्वतःच शाळेत होतो. आमची ओळख निवडणुकीतली.

उमरठच्या पलीकडे डोंगराच्या पायथ्याला सातकोंड गाव, आणि सातकोंडच्या डोक्यावर, अडीच तास चढल्यावर, करंजमाळ नावाची धनगरवाडी. एकोणीस घरं. शेळ्या, म्हशी, उतारावर नाचणी आणि वरी. निम्मी माणसं मुंबईला. पूर्वी सातकोंडलाही रस्ता नव्हता. जीप नदीपाशी थांबायची आणि तिथून पुढं मतपेट्या, कागदांची बोचकी, कंदील आणि आम्ही कर्मचारी असं सगळं सरकार डोंगर चढायचं. आम्ही चालत. पेट्या मात्र हरिबा ढेब्याच्या तट्टावर. हरिबा म्हणजे भागोजीचा बाप. तो थकल्यावर तट्टू भागोजीकडे आलं आणि तट्टाबरोबर लोकशाहीही आली. शहाण्णव साली सातकोंडपर्यंत रस्ता झाला, पेट्या जीपनं जाऊ लागल्या आणि तट्टू सेवामुक्त झालं. त्याला निरोपसमारंभ झाला नाही.

पेटी सातकोंडपर्यंतच यायची, करंजमाळला कधीच नाही. वाडीनं मत द्यायला दोन तास उतरायचं आणि देशाचं भलं करून अडीच तास चढायचं. भागोजी पेटीबरोबर खाली असायचाच, म्हणून तो नेमानं मत द्यायचा. "आयतं आलोय तं देतो," म्हणायचा. इतकी निरपेक्ष राष्ट्रभक्ती मी दुसरीकडे पाहिली नाही.

तट्टू गेल्यावर तो बिरवाडीला एका कंपनीच्या कँटीनमध्ये लागला. आधी भांडी घासली, मग भाज्या चिरल्या, मग तीनशे माणसांची डाळ एका हंड्यात करायला शिकला. त्याची डाळ खरोखर चांगली होती. ठेकेदार बदलला तसा हाही बाहेर पडला, आणि मुंबईच्या एका एजंटानं त्याला दुबईला मजुरांच्या छावणीत स्वयंपाकाला लावून दिलं. हे दोन हजार दोन सालातलं.

दोन हजार चारच्या ऑगस्टमध्ये दुबईच्या मुकादमानं त्याला विचारलं, "काबूलला जाणार का?"

"लांब हाय काय?"

"दोन-तीन तास."

ते खरंच होतं. विमानानं.

ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी त्याची बायको तुळसा डोंगर उतरून पोलादपूरच्या एका किराणा दुकानात फोनला यायची. त्या दिवशी मी तिथं डालडा घ्यायला गेलो होतो. सगळं दुकान कान लावून उभं होतं, मीही राहिलो.

"तितं लढाई हाय म्हनं?" तुळसानं विचारलं. मग ऐकत राहिली. मग म्हणाली, "इलेक्शनपुरती बंद ठेवत्यात? आनि त्यांनी नाय ठेवली तं?" पुन्हा ऐकलं. "कागदावर लिवलंय व्हय. मंग जा."

फोन ठेवून ती दुकानदाराला म्हणाली, "आमच्या मालकास्नी सरकारी काम लागलं. राजा निवडायचा हाय."

"राजा निवडत नाहीत गो," दुकानदार म्हणाला.

"मंग येवढी मानसं कशाला नेत्यात?" तुळसा म्हणाली आणि पावशेर साखर घेऊन डोंगर चढायला निघाली.

पुढचं मला भागोजीनं सांगितलं, एकदा नाही, दहा वेळा, आणि दर वेळी सारखंच सांगितलं. म्हणून मी ते खरं धरतो. निवडणुकीच्या कामातला माणूस दोन वेळा एकच आकडा सांगत असेल तर आम्ही ते खरं धरतो.

काबूलपासून पूर्वेला, डोंगरांमधल्या एका खोऱ्यात निवडणुकीची छावणी होती. तंबू, काटेरी तारा, वाळूची पोती, आणि मधोमध परदेशी तज्ज्ञ. तज्ज्ञांचा मुख्य ग्रेगरी नावाचा उंच, गोरा, सोललेल्या नाकाचा माणूस. युद्ध चालू असलेल्या देशात निवडणूक कशी घ्यावी, याचा त्याचा अभ्यास होता. याआधी त्यानं आणखी तीन देशांत अशा निवडणुका घेतल्या होत्या आणि तिन्ही देशांत युद्ध अजून चालू होतं. म्हणजे अनुभव दांडगा.

ग्रेगरीपुढं एक अडचण होती. खोऱ्याच्या वर, कड्याला चिकटलेलं एक गाव, एकशे चाळीस मतदार. रस्ता नाही. हेलिकॉप्टर उतरायला सपाट जागा नाही. तीन दिवस बैठका चालल्या. भिंतीवर नकाशा, नकाशावर रंगीत टाचण्या, पडद्यावर यंत्रातून पाडलेली चित्रं. पेट्या हेलिकॉप्टरमधून दोरानं सोडाव्यात असं एकाचं मत. गावालाच खाली आणावं असं दुसऱ्याचं. गाव वगळलं तर टक्केवारीवर फारसा परिणाम होणार नाही, असं तिसऱ्यानं हिशेब करून दाखवलं.

भागोजी चहा घेऊन तंबूत गेला. नकाशा पाहिला. चहा ठेवता ठेवता म्हणाला, "गधा."

ग्रेगरीला हिंदीतले चार शब्द यायचे, त्यातला हा एक, आणि तो त्याला कुणी प्रेमानं शिकवलेला नव्हता.

दुभाष्यानं सारवासारव केली. मग भागोजीनं मुंबईच्या हिंदीत समजावून दिलं की असं गाव आपल्याकडं आहे, अशा पेट्या आपण तट्टावरून पंधरा वर्षं नेल्या आहेत, इथं तट्टू दिसत नाही पण गाढवं पुष्कळ आहेत. रिकामी पेटी हलकी आणि कागद जड, म्हणून पेटी एका अंगाला आणि कागद दुसऱ्या अंगाला बांधले तर उतारावर जनावर कलंडतं. दोन्ही अंगांना वजन सारखं पाहिजे. पेटीच्या बाजूला डाळीची पिशवी बांधा, म्हणजे तोलही राहील आणि वर गेलेली माणसं जेवतीलही. "आमच्याकडं कर्मचाऱ्याच्या जेवनाचं कुनाच्या ध्यानात नसतं साहेब, तुमी तरी ध्यानात ठेवा," असंही तो म्हणाला. हे वाक्य त्यानं मला सांगितलं तेव्हा माझे डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी पडद्यावर नवं चित्र होतं: एक गाढव, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बाण. ग्रेगरीनं त्यावर चाळीस मिनिटं भाषण केलं. त्या भाषणात भागोजीचं नाव 'स्थानिक ज्ञान' असं आलं. त्याच्या गळ्यात फीत घातली, फितीला कार्ड, कार्डावर 'सल्लागार, डोंगरी वाहतूक'. संध्याकाळी सल्लागारानं ऐंशी माणसांचा भात केला.

पेट्यांबरोबर वर कोण जाणार हा प्रश्न सोपा होता. ग्रेगरी आणि त्याचे तज्ज्ञ यांना छावणीच्या तारेबाहेर पायी जायची बंदी होती, कारण त्यांचा विमा फार मोठा होता. भागोजीचा विमा नव्हताच, त्यामुळे त्याला काही धोका नव्हता.

असे सहा जण निघाले. एक केंद्रप्रमुख, तो तिथल्या शाळेतला मास्तर. मतदानाच्या ड्युटीला शिक्षकांना जुंपावं, याबाबत जगातल्या सगळ्या सरकारांचं एकमत दिसतं. त्याचे तीन मदतनीस, त्यात एक बाई. भागोजी. आणि गाढवांचा मालक नूरआगा. हा पुष्कळ वर्षं पेशावरकडे निर्वासितांच्या छावणीत राहिलेला, त्यामुळे त्याचं उर्दू आणि भागोजीची मुंबईची हिंदी एकमेकांना धरून चालत होती.

वाटेत नूरआगानं विचारलं, "तुमच्याकडे राष्ट्राध्यक्ष कसा निवडता?"

नूरआगाला राष्ट्रपती म्हणायचं आहे हे भागोजीला कळायला जरा वेळ लागला. "तो आमी नाय निवडत. आमदार-खासदार निवडतात."

"म्हणजे तू कधी राष्ट्राध्यक्षासाठी मत दिलंच नाहीस?"

"नाय."

"मग आम्हाला काय शिकवायला आलास?"

"मी डाळ घेऊन आलोय," भागोजी म्हणाला.

नूरआगाला हे उत्तर पटलं. तो म्हणाला, आजवर बाहेरून जे जे आले ते सगळे काही ना काही शिकवायला आले होते, डाळ आणणारा हा पहिलाच.

गावात पुरुषांसाठी मशिदीतली खोली आणि बायकांसाठी एका म्हाताऱ्याचं घर. ऑक्टोबरची नऊ तारीख. उजाडायच्या आत रांगा लागल्या. बायकांची रांग मोठी. भागोजीनं अंगणात चूल मांडली होती, तिथून दोन्ही रांगा दिसत. साडेआठच्या सुमाराला समोरच्या डोंगरावर धडाधड दोन तोफगोळे पडले. धूळ उडाली. रांगा होत्या तिथंच खाली बसल्या. भागोजी चुलीमागं आडवा झाला. थोड्या वेळानं काही नाही म्हटल्यावर रांगा उभ्या राहिल्या, आणि बायकांच्या रांगेत कडाक्याचं भांडण लागलं. एका म्हातारीचं म्हणणं, बसायच्या आधी ती तिसरी होती आणि उठल्यावर पाचवी झाली.

"गुर्जी," भागोजी मला सांगायचा, "मी चुलीमागं आडवा व्हतो. आनि ती म्हातारी नंबरासाटी भांडत व्हती. मला वाटलं, आपन सातकोंडला उतरताना केवडी कुरकुर करतो."

मतपत्रिका चादरीएवढी, अठरा उमेदवारांचे फोटो. मास्तर एकेकाला ती कशी घडी घालायची ते दाखवत होता. मत देऊन झालेले पुरुष भागोजीच्या चुलीपाशी येऊन डाळ-रोटी खात होते. त्यातल्या एका तरण्या माणसानं हात धुतले आणि बोट वर करून सगळ्यांना दाखवलं. बोट स्वच्छ. शाई गेली होती. मग दुसऱ्यानं धुतलं, त्याचंही गेलं.

भागोजी हातातला डाव टाकून, नूरआगाला दुभाष्या म्हणून बरोबर घेऊन मशिदीत गेला. टेबलावर एक जाड पेन आणि एक बाटली. मास्तर पेनानं बोटं रंगवत होता. बाटलीचं बूच उघडलेलंही नव्हतं.

"मास्तर, पेन कागदासाटी. बोटासाटी बाटली."

मास्तरनं सूचनापत्र पुढं केलं. ते भलत्याच जिल्ह्याच्या भाषेत छापलेलं होतं. मास्तरला ती भाषा वाचता येत नव्हती, आणि ज्याला येत होती त्याच्याकडं बहुधा मास्तरच्या भाषेतलं पत्र गेलं होतं. बाटली उघडली. तोवर बावीस पुरुष स्वच्छ बोटांनी गावात फिरत होते, आणि गावात एकेकाकडे दोन-दोन मतदारकार्डं असल्याचं नूरआगा हसत हसत सांगत होता.

मास्तर कपाळाला हात लावून बसला. तेव्हा भागोजी म्हणाला, "ते बावीस मी वळखतो. मी वाढलंय त्यास्नी."

तो दारात जाऊन उभा राहिला. तीनशे माणसांच्या पंगतीत कोण दुसऱ्यांदा ताट घेऊन आला आहे हे ज्याला बिरवाडीच्या कँटीनमध्ये ओळखावं लागायचं, त्याला बावीस चेहरे म्हणजे काहीच नव्हे. दुपारपर्यंत तिघं परत आले. एकानं पागोटं बदललं होतं. भागोजी प्रत्येकाला सांगायचा, "तुझं जेवन झालं, भाई." ते लाजून परत जायचे. त्या एका गावात एकाही पुरुषानं दोनदा मत दिलं नाही, आणि त्याचं कारण कुठल्याही अहवालात नाही.

दुपारी रेडिओवर बातमी आली की शाई निघते म्हणून बहुतेक उमेदवारांनीच निवडणुकीवर बहिष्कार टाकला आहे. मास्तर घाबरला. उमेदवारच नसतील तर मतदान घ्यायचं कशाला? त्यानं भागोजीच्या कार्डाकडे पाहिलं. सल्लागार म्हटल्यावर सल्ला दिलाच पाहिजे.

"रांग हाय ना अजून?" भागोजीनं विचारलं.

"आहे."

"मंग चालू द्या. त्यांचं ते बगतील."

पुढं उमेदवारांनी बहिष्कार मागं घेतला. म्हणजे त्या दुपारी देशातल्या पुढाऱ्यांपेक्षा आमच्या पोलादपूरचा आचारी चार पावलं पुढं होता. पेट्या खाली आल्या, मोजणी झाली, राष्ट्राध्यक्ष जाहीर झाला. छावणीत केक आला. ग्रेगरीला वरून शाबासकीचं पत्र आलं. केक भागोजीनं कापला, कारण सुरी त्याच्याकडे होती.

आता त्याच महिन्यातली दुसरी निवडणूक. ही मात्र मी कुणाकडून ऐकलेली नाही, कारण तिथं मी स्वतः बसलो होतो.

अफगाणिस्तानच्या मतदानानंतर चारच दिवसांनी आमच्या विधानसभेचं मतदान होतं. सातकोंडच्या शाळेत मी शाईच्या टेबलावर. युद्ध नाही, तोफा नाहीत, यंत्र नवं, शाई अस्सल. दुपारी दोनच्या सुमाराला पहिल्या टेबलावरून नाव पुकारलं गेलं, "ढेबे भागोजी हरिबा, वय सेहेचाळीस."

मी मान वर केली. समोर पंचविशीचा पोरगेला माणूस. केसांना तेल, खिशाला पेन, अंगावर नवा पांढरा सदरा. भागोजी कुठं आहे ते मला माहीत होतं. पक्षांच्या तिन्ही प्रतिनिधींनाही माहीत होतं, आणि ते तिघंही शाळेच्या कौलांकडे अतिशय निरखून पाहत होते. त्यांच्यात तेवढ्यापुरतं एकमत झालेलं असावं. आमचं दुपारचं जेवण त्यांनीच आणलं होतं. कोंबडीचं होतं.

"भागोजी ढेबे?" मी विचारलं.

"व्हय," तो म्हणाला.

मी बोट धरलं आणि शाई लावली. व्यवस्थित, नखापासून कातडीपर्यंत, नियमात आहे तशी.

त्याच्यामागं दोन माणसं सोडून बायकांच्या रांगेत तुळसा उभी होती. दोन तास उतरून आलेली. तिनं नाव ऐकलं, त्या माणसाकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मोठ्यानं म्हणाली, "अगो बाय! दुबईला जाऊन मानूस येवडा तरना होतो?"

सगळी खोली हसली. प्रतिनिधी हसले, पोलीस हसला, खोटा भागोजीही हसला आणि मत देऊन निघून गेला. मीही हसलो. ते मला सगळ्यात जास्त आठवतं. मग तुळसाचा नंबर आला. तिनं बोट पुढं केलं, मी शाई लावली. ती माझ्याकडे पाहत होती आणि मी तिच्या बोटाकडे.

भागोजी मार्चमध्ये परत आला. एका दुपारी शाळेच्या दारात उभा. अंगावर परदेशी जाकीट, ऊन असूनही. नमस्कार केला, बाकावर बसला, आणि डावा हात टेबलावर ठेवून बोट पुढं केलं.

"माज्या बोटाला शाई लावलीत म्हनं, गुर्जी. दिसत नाय ती. तुमचंबी पेन चुकलं काय?"

मी म्हणालो, "चूक झाली भागोजी."

"मी तिकडं दारात हुबा ऱ्हायलो. परक्या देशात. वळख ना पाळख." आवाज चढला नव्हता. "तुमी तं मला पंधरा वर्सं वळखता."

नंतर त्यानं खिशातून घडी केलेला दाखला काढला, ग्रेगरीच्या सहीचा. "एक अर्ज लिवून द्या. करंजमाळला मतदान केंद्र पायजे. तितं लढाईत गाढवावरनं पेटी गेली, तं हितं शांततेत का नाय?"

मी माझ्या उत्तमोत्तम अक्षरात अर्ज लिहिला. प्रायश्चित्त म्हणून मी तेवढंच करू शकत होतो, आणि ते फुकट होतं.

कचेरीतल्या साहेबांनी दाखला उलटसुलट पाहिला. "हा परदेशाचा आहे. इथे चालणार नाही. वाडीत पक्की इमारत आहे?"

"वस्तीशाळेची खोली हाय."

"वीज?"

"नाय. पन यंत्राला बॅटरी असते."

"दोन दारं आहेत का? आत जायला एक, बाहेर यायला एक?"

"साहेब, तिकडं मशिदीला एकच दार व्हतं. त्यातनं राष्ट्राध्यक्ष भाईर आला."

साहेबांनी अर्जावर शिक्का मारला आणि अर्ज आत गेला. त्याच पावसाळ्यात दासगावकडे, पोलादपुराकडे डोंगर कोसळले, गाळाखाली माणसं गेली, आणि वर्षभर कुणी कुणाला केंद्राबिंद्राचं विचारलं नाही. भागोजीनंही नाही. तो तेव्हा दासगावला मदतीच्या छावणीत भात करत होता.

दोन वर्षांनी कचेरीतून मोजणी झाली. मतदाराला दोन किलोमीटरपेक्षा जास्त चालावं लागू नये असा नियम आहे. उत्तर आलं: सातकोंड ते करंजमाळ अंतर एक पूर्णांक नऊ किलोमीटर, सबब केंद्राची गरज नाही. मोजणी नकाशावर पट्टी ठेवून केली होती. डोंगर मध्ये धरलाच नव्हता. कावळ्याच्या दृष्टीनं पाहिलं तर उत्तर अचूक होतं.

"मंग यादीत कावळ्यांची नावं घाला," भागोजी म्हणाला आणि दुसरा अर्ज मागितला. मी लिहिला. तिसराही लिहिला. तोवर त्यानं पोलादपूरला हायवेच्या कडेला खानावळ टाकली होती. डाळीसाठी मुंबई-गोव्याच्या ट्रकवाल्यांची रीघ लागायची आणि अर्ज खानावळीच्या गल्ल्यावर बसून लिहिले जायचे.

दोन हजार नऊच्या ऑगस्टात तिकडं पुन्हा राष्ट्राध्यक्षाची निवडणूक झाली. थोड्या दिवसांनी नूरआगाचा फोन आला. भागोजी बराच वेळ ऐकत होता. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय म्हणतो?"

"म्हनतो, या टायमाला डाळीचं वजन बांधावं लागलं नाय. पेटी वर जातानाच जड व्हती."

"म्हणजे?"

"भरलेली गुर्जी. गावाचा चढ-उतार वाचला." आणि तो भाकऱ्या थापायला आत गेला. ती रांगेतली म्हातारी यंदा आली होती का, एवढं तरी विचारायला हवं होतं, असं दुसऱ्या दिवशी म्हणाला.

आणि त्याच वर्षी करंजमाळला केंद्र मंजूर झालं. अर्जांमुळे नव्हे. आमच्या विधानसभेच्या निवडणुकीवर देखरेख करायला परराज्यातून एक अधिकारी आले होते. त्यांना एक पूर्णांक नऊ किलोमीटर पायी जाऊन पाहावंसं वाटलं. ते पावणेतीन तासांनी वर पोचले, वाडीतल्या प्रयागबाईच्या ओट्यावर अर्धा तास नुसते पडून राहिले, आणि झोपल्या झोपल्याच त्यांनी मंजुरी दिली.

केंद्रप्रमुख म्हणून मीच गेलो. यंत्र भाड्याच्या तट्टावरून नेलं. भागोजीनं खानावळ बंद ठेवली आणि वस्तीशाळेमागं चूल मांडली. पहिलं मत त्याचं. शाई लावणारे कर्मचारी दुसरे होते, तरी त्यानं मला बोलावून घेतलं. "तुमी लावा." मी लावली. त्यानं चुलीपाशी जाऊन साबणानं हात धुतले, बोट उन्हात धरून पाहिलं, आणि मगच डाळीत पळी घातली.

एकसष्ट मतदार. चौतीस मुंबईला. उरलेल्या सत्तावीस जणांनी सकाळी दहाच्या आत मतदान संपवलं. नियमाप्रमाणे आम्ही पाचपर्यंत यंत्राभोवती बसून होतो. चार वेळा जेवलो.

सातकोंडच्या हजार मतांत करंजमाळची मतं आजवर कुणाला वेगळी दिसत नव्हती. आता केंद्र वेगळं, तर आकडाही वेगळा. निकालाच्या कागदावर सरळ छापून आलं: करंजमाळ, सत्तावीसपैकी चोवीस मतं हरलेल्या उमेदवाराला. निवडून आलेल्यांच्या माणसांनी तो कागद फार बारकाईनं वाचला. सातकोंडपासून वाडीपर्यंत नवा रस्ता आखलेला होता, चुन्याच्या खुणाही झाल्या होत्या. रस्ता सातकोंडच्या देवळापाशी येऊन थांबला तो थांबलाच.

प्रयागबाईनं भर वाडीत भागोजीला सुनावलं, "पूर्वी चालत जायचो पन रस्ता तरी येनार व्हता. तुज्या केंद्रानं रस्ता खाल्ला."

तो खानावळीत मला म्हणाला, "मतदान गुप्त असतं ना, गुर्जी?"

"माणसाचं गुप्त असतं. वाडीचं नसतं."

"ह्ये ग्रेगरीसाहेबाला ठाव असंल काय?"

मी म्हटलं, असणार, त्याचा अभ्यास आहे.

पंधरा दिवसांनी वाडीची बैठक झाली. केंद्र परत करावं असं काहींचं म्हणणं. भागोजी ऐकेना, दोन तास बोलला, तोफा सांगितल्या, म्हातारी सांगितली. शेवटी तोड काढली ती तुळसानं. केंद्र ठेवायचं. पुढच्या खेपेला निम्म्या घरांनी इकडं मत द्यायचं आणि निम्म्यांनी तिकडं, म्हणजे कोणीही आलं तरी वाडी त्याची. घरांची वाटणीही तिनंच केली, बोटांवर मोजून. लोकशाहीत हळूहळू समज येत जाते असं म्हणतात, ते आमच्याकडं एका संध्याकाळीत उरकलं.

"आणि तुमचं घर कुठल्या बाजूला?" मी भागोजीला विचारलं.

"ती म्हन्ती, आयत्या टायमाला सांगेन." त्यानं माझ्या ताटात आणखी एक पळी डाळ वाढली. "तुमचं पैलंच ताट हाय न्हवं?"

मी हो म्हटलं. दुसरं होतं.